सूट किती, तूट किती

कवीला बोलायला बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, असा लोकांचा समज असतो. आज मी प्राप्तिकरावर बोलणार आहे. त्यातल्याही एका लहानशा कोपऱ्यावर. बँकेचं कर्ज काढून घर घ्यायचं, स्वतः तिथे राहायचं नाही, भाडेकरू ठेवायचा आणि कर्जाच्या व्याजापोटी करात सूट घ्यायची, असा तो कोपरा. विषय मला कुणी दिला नाही, मी मागून घेतला.

कारण असं, की गेली काही वर्षं लग्नाच्या पंगतीत, बसच्या रांगेत आणि ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाटीवरही मी एकच वाक्य ऐकतो आहे : “एक फ्लॅट घेऊन टाका. हप्ता भाडेकरू फेडेल, टॅक्स सरकार सोडेल आणि घर तुमचं होईल.” वाक्याला लय आहे. पण लयदार वाक्य दिसलं की त्याचे टाके उसवून बघायची मला खोड आहे. मी बी.ए. झालेला माणूस, कर सल्लागार नव्हे. पण कायदा हीसुद्धा शेवटी भाषाच असते. शब्द सावकाश वाचले तर तो बराचसा कळतो, आणि उरलेला समजावून द्यायला ओळखीचे सी.ए. असतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातही घराच्या उत्पन्नाला वेगळी चूल होती. १९६१ च्या कायद्याने तीच रीत चालू ठेवली. त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ या तारखेपासून लागू करण्यात आला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, भाषा थोडी सोपी झाली. घरभाड्याच्या हिशेबाची पद्धत मात्र तीच राहिली.

हा हिशेब चार पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी, वर्षाचं भाडं. दुसरी, त्यातून घरपट्टी वजा करायची. पण ती मालकाने त्या वर्षात खरोखर भरलेली हवी. नुसतं बिल आलं आणि ते खुंटीला अडकवून ठेवलं, तर वजावट नाही. उरतं त्याला कायदा ‘वार्षिक मूल्य’ म्हणतो. तिसरी पायरी, या मूल्यातून सरसकट ३० टक्के वजा. दुरुस्ती, रंगरंगोटी, विमा, भाडं वसूल करायला जाण्यायेण्याचा खर्च, सगळं या तीस टक्क्यांत आलं. पावती कुणी मागत नाही. खर्च शून्य असला तरी तीस टक्के मिळतात आणि साठ टक्के झाला तरी तीसच मिळतात. २००१ च्या अर्थसंकल्पापूर्वी इथे वेगवेगळ्या खर्चांची लांबलचक यादी होती, ती त्या वर्षी मोडीत निघाली. चौथी पायरी, कर्जाचं व्याज. घर विकत घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी कर्ज काढलं असेल, तर भाड्याने दिलेल्या घरावर ते सगळं व्याज वजा होतं. त्याला वरची मर्यादा नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. आपण स्वतः राहतो त्या घराच्या कर्जावर व्याजाच्या वजावटीला मर्यादा आहे. २०१४ पासून ती दोन लाख रुपये आहे, आणि तीही जुन्या करप्रणालीतच मिळते. म्हणजे स्वतःच्या छपरासाठी काढलेल्या कर्जाला मर्यादा, आणि दुसऱ्याला द्यायच्या छपरासाठी काढलेल्या कर्जाला मर्यादा नाही. ऐकायला उफराटं वाटतं, पण त्यामागे तर्क आहे. स्वतःच्या घरातून भाडं येत नाही, म्हणून कायदा त्याचं मूल्य शून्य धरतो. भाड्याच्या घरातून उत्पन्न येतं आणि सरकार त्यावर कर घेतं. मग ते उत्पन्न मिळवायला जो खर्च आला, तो वजा करायला नको का? किराणा दुकानदाराच्या विक्रीतून मालाची किंमत वजा होते, तसंच हे. इतपत सगळं न्यायाला धरून आहे.

खरा प्रश्न पुढे येतो. व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर? मग हिशेब शून्याच्या खाली जातो आणि घरावर तोटा दिसू लागतो. हा तोटा पगारातून वजा करू द्यायचा की नाही? तंट्याची जागा ही आहे. “टॅक्स सरकार सोडेल” हे वाक्य जन्मलं ते इथेच.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. बारा वर्षांत तिने पंधरा लाख रुपये साठवले. एके दिवशी तिचा फोन आला, “मामू, एक फ्लॅट बघितलाय. साठ लाखांचा. बिल्डरचा माणूस म्हणतो, भाड्याने द्या, टॅक्स वाचेल. तुम्ही जरा कागद बघाल का?” तिला कागद वाचणारा माणूस हवा होता, आणि मला तिचे पंधरा लाख दिसत होते. तिचेच आकडे आज तुमच्यापुढे मांडतो. तिने तशी परवानगी दिली आहे.

साठ लाखांचं घर. पदरचे पंधरा, बँकेचे पंचेचाळीस. व्याजाचा दर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. महिन्याचा हप्ता ३९,०५२ रुपये. त्या भागात अशा घराला भाडं पंधरा हजार, म्हणजे वर्षाचं एक लाख ऐंशी हजार. घरपट्टी दहा हजार. सोसायटीची देखभाल वर्गणी महिना दोन हजार, वर्षाची चोवीस हजार.

पहिल्या वर्षी हप्त्यांपोटी ४ लाख ६८ हजार ६०० रुपये जातात. त्यातलं मुद्दल अवघं ९० हजारांच्या आसपास, बाकी ३ लाख ७९ हजार नुसतं व्याज. आता कायद्याच्या चार पायऱ्या उतरू. भाडं १ लाख ८० हजार. घरपट्टी गेली, उरले १ लाख ७० हजार. त्याचे तीस टक्के म्हणजे ५१ हजार गेले, उरले १ लाख १९ हजार. त्यातून व्याज ३ लाख ७९ हजार वजा केलं, की तोटा २ लाख ६० हजार.

हा झाला कायद्याचा तोटा. खिशाचा तोटा वेगळा मोजावा लागतो. व्याज, घरपट्टी आणि सोसायटीची वर्गणी मिळून ४ लाख १३ हजार गेले. भाडं १ लाख ८० हजार आलं. तूट २ लाख ३३ हजार. मुद्दलाचे नव्वद हजार मी यात धरले नाहीत, कारण ती तिची घरात साठलेली बचत आहे. पण दर महिन्याला पगारातून काढायचे पैसे विचाराल, तर मुद्दल धरून ते सुमारे २७ हजार होतात. “हप्ता भाडेकरू फेडेल” या वाक्याचं काय झालं ते आपण पाहिलंत. भाडेकरूने पंधरा हजार दिले. त्यातले जवळजवळ तीन हजार घरपट्टी आणि सोसायटीत गेले. एकोणचाळीस हजारांच्या हप्त्याला बारा हजारांचा टेकू मिळाला.

आता कराकडे वळू. आर्थिक वर्ष २०१६-१७ पर्यंत हा २ लाख ६० हजारांचा तोटा पूर्णच्या पूर्ण पगारातून वजा होत असे. तीस टक्क्यांच्या टप्प्यात, चार टक्के उपकर धरून, रुपयामागे एकतीस पूर्णांक दोन दशांश पैसे. म्हणजे आजचेच दर धरले तरी सुमारे ८१ हजार रुपये कर वाचला असता. तेव्हा तोट्याला मर्यादा नसल्यामुळे, जितकं मोठं कर्ज तितकी मोठी वजावट, असा मामला होता. मोठ्या पगाराचे लोक दोन-दोन, तीन-तीन फ्लॅट याच हिशेबावर घेत.

२०१७ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी त्याला दार लावलं. घराचा तोटा वर्षाला जास्तीत जास्त दोन लाखच इतर उत्पन्नातून वजा करता येईल. उरलेला तोटा पुढची आठ वर्षं ओढता येईल, पण तो घराच्याच उत्पन्नातून वजा करायचा, पगारातून नाही. या नियमाने भाचीचे ८१ हजार ६२ हजार ४०० वर आले. उरलेला साठ हजारांचा तोटा पुढच्या वर्षांच्या वहीत गेला. पण पुढच्या वर्षीही तोटाच असला, तर वजा करायचा कशातून? माझ्या सी.ए. मित्राने गणित करून दाखवलं. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं, तरी भाड्याचा आकडा व्याजाच्या आकड्याला गाठायला दहावं वर्ष उजाडतं. आठ वर्षांची मुदत त्याआधीच संपते.

दुसरं दार लागलं ते नव्या करप्रणालीने. ही प्रणाली २०२०-२१ पासून ऐच्छिक होती. २०२३-२४ पासून, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर तीच लागू होते. तिच्यात भाड्याच्या घराचं व्याज वजा होतं, पण भाड्यापुरतंच. तोटा आला तर त्यातला एक रुपयाही पगारातून वजा होत नाही.

“मग मी जुनी प्रणाली घेईन,” भाची म्हणाली. कोणीही हेच म्हणेल. म्हणून तोही हिशेब केला. तिचा पगार वर्षाला अठरा लाख. सासरच्या घरात राहते, म्हणून घरभाडे भत्त्याची सूट नाही. २०२५-२६ चे दर घेतले. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट पन्नास हजार, बचतीची आणि कर्जाच्या मुद्दलाची मिळून दीड लाख, घराच्या तोट्याचे दोन लाख, हे सगळं वजा करून करपात्र उत्पन्न चौदा लाख. कर, उपकरासह, २ लाख ४१ हजार ८००. नव्या प्रणालीत फक्त प्रमाणित वजावट पंचाहत्तर हजार. करपात्र उत्पन्न १७ लाख २५ हजार. कर, उपकरासह, १ लाख ५० हजार ८००.

हे आकडे मी दोनदा तपासले. घराच्या तोट्याची पूर्ण सूट घेऊनही जुन्या वाटेने तिला ९१ हजार रुपये जास्त कर भरावा लागणार होता. म्हणजे ज्या सुटीसाठी फ्लॅट घ्यायचा, ती सूट न घेणंच तिच्या फायद्याचं होतं. बिल्डरच्या माणसाने सांगितलेला नियम पूर्वी खरा होता. नियम बदलला आणि वाक्य तेवढं मागे राहिलं. ज्यांना घरभाडे भत्ता मिळतो, किंवा इतर वजावटी भरपूर आहेत, त्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणून आपला हिशेब आपणच करावा.

आणि समजा, सूट मिळाली. तरी ती कशाची? रुपयाची तूट आली, तर सरकार त्यातले एकतीस पैसे सोडतं. एकोणसत्तर पैसे आपलेच जातात. ठिगळ कितीही चांगलं असलं तरी त्याच्यासाठी कुणी नवा सदरा फाडत नाही. ही तूट भरून निघते ती घराची किंमत वाढली तरच. भाचीच्या बाबतीत २ लाख ३३ हजारांची तूट म्हणजे साठ लाखांवर जवळजवळ चार टक्के. शिवाय तिचे पंधरा लाख साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत असते, तर वर्षाला ९७ हजार आले असते. दोन्ही मिळून घराची किंमत पहिल्या वर्षी साडेपाच टक्क्यांनी वाढली, तर ती बरोबरीत येते. मुद्रांक शुल्क मी अजून मोजलंच नाही. तिने घर घेतलं की नाही, हे विचाराल तर तिने थांबायचं ठरवलं. तो तिचा निर्णय, तिच्या आकड्यांवरचा. तुमचे आकडे वेगळे असतील.

ज्यांना घर घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, घर बांधून तयार होईपर्यंत भरलेलं व्याज त्या त्या वर्षी वजा होत नाही. ते साठवून, बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत वजा होतं. दोन, नवरा-बायको दोघं मालक आणि दोघंही कर्जदार असतील, तर आपापल्या वाट्याचं व्याज दोघांनाही वजा करता येतं आणि दोन लाखांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी लागते. नुसतं नाव घालून भागत नाही, हप्त्यात खरोखर वाटा हवा. तीन, जुन्या प्रणालीत मुद्दलावर वजावट घेतली आणि ताबा मिळाल्याचं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ती वजावट परत उत्पन्नात धरली जाते. चार, २०२३ च्या बदलानंतर, एकदा वजा केलेलं व्याज घर विकताना खरेदी-किमतीत पुन्हा मिळवता येत नाही. आणि भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे.

आता थोडं माझ्या समाजाबद्दल, कारण विषयच व्याजाचा आहे. आमच्याकडे व्याज देणं-घेणं टाळणारी पुष्कळ माणसं आहेत. कुणी वीस वर्षं पैसे साठवून रोख घर घेतो, कुणी भावाकडून बिनव्याजी उसने घेतो. त्यांना कायदा काय देतो? घरपट्टी आणि तीस टक्के, बस्स. व्याजच नाही तर वजावट कशाची? त्याच फ्लॅटवर, त्याच भाड्यावर कर्जदार मालकाचं उत्पन्न शून्य दिसतं आणि बिनकर्जाच्या मालकाचं १ लाख १९ हजार. याला मी अन्याय म्हणणार नाही, कारण कर्जदाराने व्याज खरंच भरलेलं असतं. ब्रिटनमध्ये मात्र २००५ च्या वित्त कायद्याने, बिनव्याजी इस्लामी पद्धतीच्या कर्जव्यवहारात बँकेला जो मोबदला द्यावा लागतो, त्याला करापुरतं व्याजासारखंच वागवलं. आपल्याकडे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. भाड्याच्या घरासाठीचं कर्ज बँकेचंच हवं असं नाही. नातेवाइकाकडून किंवा मित्राकडून व्याजाने घेतलेलं असलं, तरी व्याज वजा होतं. कागद मात्र पक्के हवेत.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर एक योगायोग सांगतो. आपल्या १९६१ च्या कायद्यात व्याजाची वजावट देणारं कलम २४ होतं. ब्रिटनमध्ये घरमालकांची ही वजावट ज्या कलमाने काढून घेतली, तेही २०१५ च्या दुसऱ्या वित्त कायद्यातलं कलम २४. तिथे २०१७ ते २०२० अशी टप्प्याटप्प्याने पूर्ण व्याजाची वजावट बंद झाली, आणि तिच्या जागी मूळ दराने मोजलेली मर्यादित सवलत आली. ऑस्ट्रेलियाने त्याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये, घराचा तोटा पगारातून वजा करणं बंद केलं. घरमालकांनी ओरड केली, की आता भाडी वाढतील. सिडनी आणि पर्थमध्ये ती वाढलीही, इतर शहरांत तसं दिसलं नाही. १९८७ मध्ये सरकारने माघार घेतली. म्हणजे हा वाद सगळीकडे आहे, आणि त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : एकाच्या तोट्याचा भार इतर करदात्यांनी किती उचलायचा?

या प्रश्नात एक माणूस नेहमी गप्प असतो, तो म्हणजे भाडेकरू. मी स्वतः आयुष्याची बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, म्हणून त्याची आठवण राहते. जुन्या प्रणालीत, ज्याला घरभाडे भत्ता मिळत नाही अशा भाडेकरूला वजावट मिळते, पण महिना फार तर पाच हजारांची. नव्या प्रणालीत तीही नाही आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. स्वतःच्या घराचा हप्ता भरणाऱ्यालाही तिथे व्याजाची वजावट नाही. तिघांपैकी एकट्या कर्जदार मालकाला ती मिळते, भाड्यापुरती. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे, कारण तिघांत उत्पन्न त्याचं एकट्याचं आहे. पण मालकाला ही सवलत द्यावी याचं एक कारण असंही सांगतात, की त्यामुळे भाड्याची घरं वाढतात. ते कसोटीवर घासून पाहायला हवं. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली होती. २०१९-२० पासून कायदा दोन घरांपर्यंत स्वतःच्या वापराची म्हणून मूल्य शून्य धरतो. त्याहून जास्त घरं असतील, तर न आलेलं भाडं आलं असं मानून कर आकारतो. कायद्यातली ही कल्पनाशक्ती पाहून कवीनेही टोपी काढावी. पण दुसऱ्या घराला कुलूप असलं, तरी कायद्याची त्याला हरकत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी ते लयदार वाक्य कानावर आलं, तर एका कागदावर तीन आकडे लिहा : पहिल्या वर्षाचं व्याज, पहिल्या वर्षाचं भाडं, आणि दोन्ही करप्रणालींत येणारा तुमचा कर. पहिल्यातून दुसरा वजा करा. येईल ती तूट. तिसऱ्यावरून कळेल ती सूट. तूट आधी वाचा, सूट नंतर. मग सही करायची की नाही, ते ठरवा.